सहा पानांचा निबंध

संशोधकाचं वजन ठरवायचं म्हटलं की आज आधी आकडे पुढे येतात: निबंध किती छापले, हवाले किती मिळाले. डॉ. रुस्तम जाल वकील यांच्याबाबत मात्र मला एकाच निबंधाचा माग काढावासा वाटतो. तो ऑक्टोबर १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. पानं सहा. प्रश्न एकच, सर्पगंधेच्या मुळीनं वाढलेला रक्तदाब उतरतो का?

वकील मुंबईचे, केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधा काही त्यांनी शोधली नव्हती. भ्रमिष्ट माणूस शांत व्हावा म्हणून वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या देत होते. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण येतो, असं छापून सांगितलं होतं. सलीमुज्जमान सिद्दीकींनी त्याच सुमारास मुळीतली द्रव्यं वेगळी काढली होती. १९३४ पासून ‘हिमालय’ची ‘सर्पिना’ गोळी दुकानात मिळत होती. मग वकिलांनी नवं काय केलं? त्यांनी मोजलं. रक्तदाबाचे ५० रुग्ण घेतले, आधीचा दाब टिपला, काही आठवडे मुळीच्या गोळ्या दिल्या, पुन्हा दाब टिपला आणि बहुतेकांचा दाब उतरल्याचं आकड्यांनिशी मांडलं. आजच्या कसोटीला ही चाचणी लहान ठरेल. पण परक्या मुलखातल्या डॉक्टरला ती स्वतः करून बघता येत होती, आणि मला हेच तिचं खरं बळ वाटतं.

तसंच झालं. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी निबंध वाचला आणि भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांना दिल्या. दाब उतरलाच, शिवाय रुग्ण निवांत झाल्याचंही त्यांच्या ध्यानात आलं. १९५२ साली बाझेलच्या सीबा कंपनीत मुळीतून रेझरपीन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरचे त्याचे परिणाम छापले. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला, तेव्हा त्याच यादीत क्लाइन, लाबोरी, डेनिकर, लेमान हे मनोविकारांच्या औषधांवर काम करणारे लोक होते. हृदयाचा डॉक्टर मेंदूच्या औषधशास्त्रात असा जाऊन बसला.

पुढचा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. रेझरपीन मेंदूत नेमकं करतं काय? १९५५ साली अमेरिकेत ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की ते सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा साठा रिकामा करतं. तिथे शिकलेले आर्विड कार्लसन स्वीडनला परतले आणि त्यांनी सशांना रेझरपीन टोचलं. ससे गळून पडले, कान लोंबले, हालचाल बंद. मग त्यांना डोपामिनचा कच्चा माल असलेलं एल-डोपा दिलं, तर पाव तासात ससे उठून फिरू लागले. १९५७ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापलं गेलं. डोपामिन स्वतःच मेंदूतला निरोप्या आहे, हे यातून उलगडत गेलं. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत तेच कमी पडतं, हे १९६० मध्ये व्हिएन्नात दिसलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

या वाटेवर दुखरी बाजूही आहे. रेझरपीनच्या मोठ्या मात्रेनं काही रुग्णांना गंभीर नैराश्य आलं. औषध मागे पडलं, पण नैराश्याचं मेंदूतल्या रसायनांशी नातं काय, हा विचार याच अनुभवानं पुढे रेटला. औषधाचा अपाय नोंदवणारे डॉक्टरही त्या निबंधाच्या वंशावळीतलेच म्हणायला हवेत.

आता या सगळ्याचा धागा धरून नांदेडजवळच्या आपल्या मुदखेडकडे येऊ. इथे कुणाला कंपवात झाला, तर नांदेडचे डॉक्टर बहुधा लेव्होडोपाची, म्हणजे सशांना दिलेल्या त्याच एल-डोपाची, गोळी लिहून देतात. हेच लेव्होडोपा बांधावरच्या खाजकुइलीच्या बियांतही असतं. तिची शेंग भुऱ्या, मखमली लवेनं झाकलेली असते. चुकून हात लागला की कातडी नुसती पेटते. आतली बी मात्र गुळगुळीत, चकचकीत. तिच्यातलं एल-डोपा मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. १९७८ साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना या बियांची भुकटी देऊन निष्कर्ष छापले.

वकिलांचा हात हवाल्यांच्या पलीकडेही पोचला. त्यांनी आणि अस्पी गोलवाला यांनी लिहिलेल्या ‘फिजिकल डायग्नोसिस’वरून कितीतरी डॉक्टर रुग्ण तपासायला शिकले. १९७४ साली वकील गेले.

खाजकुइलीची भुकटी आज काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळते. गोळी चालू असताना ती परस्पर घेतली, तर एकच द्रव्य दोन वाटांनी पोटात जातं आणि मात्रेचा हिशोब बिघडतो. घरात कंपवाताचं माणूस असेल, तर ही पुडी आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.