मुक्त संहिता, राखीव नाव

विशेषनामाला अर्थ असतो की नाही, हा भाषाविचारातील एक जुना प्रश्न आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात असे प्रतिपादिले की, विशेषनाम वस्तूचा केवळ निर्देश करते. तिच्या गुणांविषयी ते काहीच सांगत नाही. अरबी कथेतील चोराने घर ओळखता यावे म्हणून दारावर केलेल्या खडूच्या खुणेशी त्याने विशेषनामाची तुलना केली. त्या कथेतील मर्जिना ही चतुर दासी आसपासच्या सर्व दारांवर तशीच खूण करून ठेवते. खूण पुसली जात नाही. परंतु तिचे काम मात्र संपते.

संगणकाच्या क्षेत्रात गेल्या तीस वर्षांत नावांवरून जे तंटे झाले, ते समजून घेण्यास ही कथा उपयोगी पडते. हे तंटे ज्यांच्यामध्ये झाले, ते आपल्या श्रमाचे फळ सर्वांना विनामूल्य वाटून देणारे लोक होते, ही त्यातील लक्षणीय गोष्ट होय. जे आपली संपूर्ण कृती देऊन टाकतात, ते केवळ एका शब्दासाठी का भांडतात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संहिता आणि नाव

संगणकाची आज्ञावली प्रथम मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. या लेखनास आपण स्रोतसंहिता म्हणू. ही संहिता कोणालाही वाचता यावी, तिच्या प्रती काढता याव्यात, तीत बदल करता यावेत आणि बदललेली प्रतही इतरांना देता यावी, अशा परवान्याने जी आज्ञावली प्रसिद्ध होते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली असे म्हणतात. या परवान्यातच फुटीचीही सोय असते. मूळ मंडळींशी मतभेद झाल्यास कोणीही संहितेची प्रत घेऊन आपला स्वतंत्र संसार मांडू शकतो. यास त्या क्षेत्रात ‘फोर्क’ म्हणतात. आपण त्यास ‘फाटा’ म्हणावयास हरकत नाही.

फाटा फुटताना संहिता दोघांकडेही पूर्ण राहते. नावाचे तसे नाही. एकच नाव दोन आज्ञावलींना दिले, तर कोणालाही अर्धे नाव मिळत नाही. नावाचे निर्देश करण्याचे सामर्थ्यच नष्ट होते. संहिता वाटल्याने कमी होत नाही, नाव मात्र वाटले की नाव उरत नाही. सर्व वादाचे मूळ या भेदात आहे.

मुक्तस्रोत चळवळीने हा भेद आरंभीच ओळखला होता. डेबियन या संघाने १९९७ साली मुक्त आज्ञावलीची जी लक्षणे निश्चित केली, त्यांतील चौथ्या कलमानुसार बदललेल्या आज्ञावलीस वेगळे नाव द्यावे, अशी अट मूळ कर्त्यास घालता येते. अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तर व्यापारनामे व व्यापारचिन्हे वापरण्याचा अधिकार या परवान्याने मिळत नाही, असे स्वतंत्र कलमच आहे. म्हणजे कृती मुक्त आणि नाव राखीव, ही विसंगती नसून जाणीवपूर्वक केलेली व्यवस्था आहे.

२. एका नावाचे तीन जन्म

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण फायरफॉक्स या ब्राउझरचे होय. मोझिला प्रकल्पातून २००२ साली एक आटोपशीर ब्राउझर बाहेर पडला, तेव्हा त्याचे नाव ‘फीनिक्स’ असे होते. नेटस्केपच्या राखेतून उठलेला पक्षी, ही कल्पना त्यामागे होती. परंतु संगणकाच्या मूलभूत आज्ञावली तयार करणाऱ्या फीनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचे व्यापारचिन्ह आड आल्यामुळे एप्रिल २००३ मध्ये ते नाव सोडावे लागले. त्याऐवजी ‘फायरबर्ड’, म्हणजे अग्निपक्षी, हे नाव योजण्यात आले. शब्द बदलला, कल्पना मात्र तीच राहिली.

आता दुसरीच अडचण उभी राहिली. बोरलंड कंपनीच्या इंटरबेस या डेटाबेसची संहिता २००० साली मुक्त झाल्यावर तीतून निघालेला एक मुक्तस्रोत प्रकल्प ‘फायरबर्ड’ या नावाने आधीपासूनच चालू होता. त्याचाही जन्म जुन्या कृतीच्या अवशेषांतून झालेला. तेव्हा दोघांनाही एकाच पुराणपक्ष्याची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. सर्वांच्या परिचयाच्या कथाभांडारातून नावे उचलली की ती परस्परांवर आदळणारच.

ब्राउझर आणि डेटाबेस या वस्तू भिन्न आहेत, तेव्हा घोटाळा होण्याचे कारण नाही, अशी बाजू मोझिलाच्या वतीने मांडण्यात आली. तथापि व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात संगणकाच्या आज्ञावली नवव्या वर्गात एकत्रच येतात, आणि मुक्तस्रोताच्या जगात तर दोघांचे वापरणारे व लिहिणारे एकाच वर्तुळातील होते. डेटाबेसच्या बाजूने तीव्र निषेध झाला. तेव्हा ब्राउझरचा उल्लेख नेहमी ‘मोझिला फायरबर्ड’ असा जोडनावानेच करावा, अशी तडजोड सुचविण्यात आली.

हा उपाय मराठी वाचकास नवा नाही. एकाच नावाची दोन गावे जवळजवळ असली की आपल्याकडे एकास बुद्रुक व दुसऱ्यास खुर्द म्हणतात. पुण्याजवळचे वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द हे त्याचे उदाहरण. दप्तरात ही पुस्तपदे टिकतात. परंतु बोलण्यात मनुष्य ‘वडगावला गेलो होतो’ एवढेच म्हणतो. लघुत्वाकडे जाणे हा भाषाव्यवहाराचा स्वभाव आहे. जोडनावातील भेददर्शक भाग बोलताना गळून पडणार असेल, तर भेद कागदावरच राहतो. अखेर ९ फेब्रुवारी २००४ रोजी ‘फायरफॉक्स’ हे तिसरे नाव जाहीर झाले. तांबड्या पांडाचे हे एक टोपणनाव. ब्राउझरशी त्याचा अर्थाने काहीही संबंध नाही. परंतु तेच त्याचे बळ ठरले. वर्णन जितके कमी, तितका निर्देश निर्विवाद.

३. नावाबरोबर येणारी हमी

स्वतः दोन वेळा नाव सोडावे लागलेल्या मोझिलास पुढे आपल्या नावाचे रक्षण करण्याची वेळ आली, आणि तीही एका मुक्तस्रोत संघाविरुद्धच. डेबियनची प्रथा अशी की, एकदा स्थिर ठरविलेल्या आवृत्तीत नव्या सुधारणा न आणता केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या संहितेत बसवावयाच्या. मोझिलाचे म्हणणे असे की, फायरफॉक्स या नावाने जे लोकांच्या हाती पडते, त्यातील प्रत्येक बदल आम्ही पाहिलेला असला पाहिजे. शिवाय नावाबरोबर बोधचिन्हही वापरले पाहिजे. त्या बोधचिन्हाचा परवाना मुक्त नसल्याने डेबियनला ते स्वीकारता येईना.

येथे दोन्ही पक्षांची भूमिका समजण्यासारखी आहे. बदललेल्या प्रतीत दोष राहिला, तर वापरणारा फायरफॉक्सलाच बोल लावील. नाव ही कर्त्याची हमी आहे. उलट, प्रत्येक दुरुस्तीस दुसऱ्याची संमती लागू लागली, तर परवान्याने दिलेले स्वातंत्र्य व्यवहारात उरत नाही. अखेर २००६ साली डेबियनने संहिता ठेवली आणि नाव सोडले. त्यांनी घेतलेले नाव होते ‘आइसवीझल’. अग्नीच्या जागी बर्फ, कोल्ह्याच्या जागी वीझल हा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी. समासाची घडण तीच ठेवून दोन्ही पदे बदललेली असल्यामुळे, जुने नाव माहीत असल्याखेरीज या नावातील विनोद कळत नाही. जे नाव उच्चारावयाचे नाही, त्याची आठवण नव्या नावाने जागी ठेवली. दहा वर्षांनी, २०१६ साली, समेट होऊन डेबियनमध्ये फायरफॉक्स हे नाव परत आले.

४. नाव कोणाचे?

वरील दोन्ही प्रसंगी दोन स्वतंत्र संघ समोरासमोर होते. याहून कठीण प्रसंग असा की, काम करणारे एक आणि नावाचे कायदेशीर धनी दुसरे. जाळ्यावरून जाणारी माहिती तपासणाऱ्या ‘इथिरिअल’ या आज्ञावलीच्या मूळ कर्त्याने २००६ साली नोकरी बदलली. संहिता त्याच्याबरोबर गेली, नाव मागे राहिले, आणि ‘वायरशार्क’ हे नवे नाव घ्यावे लागले. ‘हडसन’ या प्रकल्पाच्या नावावर ओरॅकल कंपनीने हक्क सांगितला, तेव्हा सभासदांनी २०११ साली मतदान करून २१४ विरुद्ध १४ मतांनी ‘जेन्किन्स’ हे नाव स्वीकारले. दोन्ही नावे इंग्रज घराण्यातील खानसाम्यास शोभणारी. अर्थक्षेत्र तेच ठेवल्याने ओळखीचा धागा तुटला नाही.

२००५ साली संकेतस्थळे चालविणाऱ्या ‘माम्बो’ या आज्ञावलीचे लेखक नावाच्या धनी असलेल्या ऑस्ट्रेलियन कंपनीपासून वेगळे झाले. त्यांनी आपल्या फाट्यास ‘जूमला’ हे नाव दिले. स्वाहिली भाषेतील ‘जुम्ला’ म्हणजे सगळे मिळून, एकूण. हा शब्द मूळचा अरबी. आणि तोच फारसीच्या द्वारे मराठीत येऊन आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘जुमला’, म्हणजे एकंदर बेरीज, या अर्थाने वावरला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि आपल्या दप्तरखान्यात एकाच शब्दाने वस्ती केली होती. तो तेथून संगणकात गेला. ज्या मंडळींकडून नाव काढून घेतले गेले, त्यांनी स्वतःस ‘आम्ही सगळे’ म्हणवून घ्यावे, यात त्यांचे उत्तरही आले.

या उदाहरणांवरून मिलच्या मतास एक पुरवणी जोडावी लागते. विशेषनाम जन्मतः निरर्थक खूण असेल. परंतु वापराने त्यात पत साठत जाते. ती पत अनेकांच्या विनावेतन श्रमाने साठते, आणि कायदा मात्र तिची नोंद एका धन्याच्या नावे करतो. लिनक्स या नावाचीच नोंदणी १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत एका बाहेरच्या गृहस्थाने आपल्या नावे करून घेतली होती, आणि ती लिनस टोरवाल्ड्सकडे यावयास १९९७ साल उजाडले. म्हणून ज्यांना आपली कृती सर्वांना द्यावयाची आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी दोन प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत: हे नाव आधी कोणाचे आहे काय, आणि आमच्यात फाटाफूट झाली तर ते कोणाकडे राहील? संहितेच्या स्वातंत्र्याची काळजी परवाना घेतो. नावाची काळजी मनुष्यांनाच घ्यावी लागते.