हेरल्डची रॅक, स्पिटफायरची रॅक : जुन्या गाडीत हुशार कारागिराला काम आहे

मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली. तिच्याबरोबर आपल्या कितीतरी गॅरेजवाल्या बांधवांचे रोजचे काम गेले. पद्मिनीची स्टिअरिंग पेटी डोळे मिटून खोलणारे हात आज रिकामे बसले आहेत. पोरे म्हणतात, नव्या गाडीत कॉम्प्युटर लावायचा, रॅक बदलायची, जुनी भंगारात टाकायची. त्यात कारागिरी कसली? त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु जुन्या गाड्यांचा शौक वाढतो आहे आणि त्या गाड्यांवर हात चालवणारे उस्ताद कमी होत आहेत, ही दुसरी बाजूही व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिली पाहिजे. म्हणून आज आम्ही एकाच कामाबद्दल लिहीत आहोत. ते काम म्हणजे ट्रायम्फ घराण्याच्या गाडीची स्टिअरिंग रॅक.

ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरातली दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. १९६२ साली निघाली, १९८० साली बंद झाली. ती बनली ट्रायम्फ हेरल्डच्या पायावर, आणि हेरल्ड आपल्याला परकी नाही. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती स्टँडर्ड हेरल्ड या नावाने इथे बनवली. पुढे चार दारांची हेरल्ड काढली ती तर हिंदुस्थानातच. ज्यांनी हेरल्डचे बॉनेट पुढे उलटून, टायरवर बसून काम केले आहे, त्यांना स्पिटफायरखाली काही नवे दिसणार नाही. दोन्हींची चाके इतकी वळतात की गाडी सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात फिरते; गल्लीबोळात हेरल्ड चालवलेल्यांना ही मौज माहीत आहे.

पद्मिनीला वर्म-रोलरची पेटी होती. हेरल्डला, तशीच ॲम्बेसेडरला, रॅक आणि पिनियन. लोखंडी नळीत दात्यांची दांडी, तिच्यावर लहान पिनियन, आणि मागून स्प्रिंगच्या जोरावर दांडीला पिनियनकडे दाबून धरणारा एक दट्ट्या. दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, त्यावर रबरी बूट. एवढाच कारभार.

गाडीवाला येतो आणि म्हणतो, ‘उस्ताद, स्टिअरिंगमध्ये प्ले आहे, रॅक बदला.’ इथेच अनेक जण घाई करतात. आमचे सांगणे आहे की पानाला हात लावण्यापूर्वी एका शागीर्दाला स्टिअरिंगवर बसवा, थोडे डावे-उजवे हलवू द्या, आणि आपण रॅकच्या नळीवर हात ठेवा. नळीच सरकत असेल तर दोष रॅकचा नाही. ही रॅक दोन यू-बोल्टांनी रबरी बुशांवर बसलेली असते. इंजिनाचे तेल पिऊन ती रबरे फुगतात, मऊ पडतात, आणि सगळा प्ले तिथे असतो. दोन रबरांचे काम असताना गिऱ्हाइकाला पूर्ण रॅकचे बिल लावणे हा धंदा नव्हे. मग स्टिअरिंग कॉलमचा रबरी कपलिंग पाहा, टाय रॉड एंड पाहा. सर्व ठीक निघाले तरच रॅक खाली घ्या.

काढण्याचे काम अवघड नाही, फक्त शिस्तीचे आहे. गाडी घोडीवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. टाय रॉड एंड काढताना किती आटे फिरवले ते मोजून खडूने लिहून ठेवा. टेपर सुटत नसेल तर एंडवर घाव घालू नका. स्टिअरिंग आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडी टेकवा आणि दुसऱ्या बाजूने ठोका, तो आपसूक सुटतो. रॅक टेबलावर आली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजा आणि निम्म्यावर खूण करा. ही मधली खूण नसेल तर पुढे गाडी एका बाजूला जास्त वळेल, दुसऱ्या बाजूला कमी.

आता बूट काढा. बूट फाटका असेल तर आत ग्रीसऐवजी तांबडा चिखल निघतो. पावसाळ्याचे पाणी आत गेले, दांडीला गंज चढला, बॉल जॉइंट खाल्ला. बाहेरून नळी कितीही चमकत असो.

खरी परीक्षा पुढे आहे. गाडीचे बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर जाते, म्हणून दांडीचे मधले दाते झिजतात, टोकांचे दाते नवेच राहतात. अर्धवट कारागीर काय करतो? मध्ये प्ले दिसला की दट्ट्याखालचे शिम काढतो आणि घट्ट करतो. सरळ रस्त्यावर गाडी झकास वाटते, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जातो. परंतु पूर्ण वळणावर तीच रॅक अडकते, स्टिअरिंग परत येत नाही. घाटाच्या वळणावर ते झाले तर काय, हे लिहायला नको. शिम लावायचे ते जिथे रॅक सर्वांत घट्ट आहे त्या जागेवर मोजून. स्प्रिंग काढून टोपण हाताने बसवावे, त्याच्याखालची फट फिलर गेजने मोजावी, आणि त्यापेक्षा सुमारे चार थाउ जास्त जाडीचे शिम घालावेत. त्यानंतरही मध्ये ढिली आणि टोकाला कडक असेल तर दांडी गेली. तिला कोणताही शिम वाचवू शकत नाही. वेल्डिंगने दाते भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागावर वेल्डिंग नको म्हणजे नको.

इमाम मुस्लिम यांच्या संग्रहातली धान्याच्या राशीची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्याच्या बयानात ऐकली आहे. वर कोरडे आणि आत ओले. नळीला काळा रंग, नवे बूट, आणि आत तीच खाल्लेली दांडी, असा ‘रिकंडिशन’ माल बाजारात आम्ही स्वतः पाहिला आहे. विकणाराही आपल्यातलाच होता, याचे दुःख जास्त.

इंग्लंडात या कामाचा रीतसर व्यापार आहे. तिथले पार्टवाले जुनी रॅक घेऊन दुरुस्त केलेली रॅक देतात. जुनी परत येईपर्यंत वर अनामत रक्कम ठेवून घेतात. म्हणजे जिला आपण किलोने भंगारात देतो, त्या नळीला तिथे किंमत आहे. आपल्याकडे हेरल्डची बंद पडलेली गाडी भंगारात निघाली तर रॅक, कॉलम आणि दोन्ही स्टिअरिंग आर्म एकत्र बांधून, वर गाडीचे साल लिहून ठेवावे. अमेरिकेत गेलेल्या स्पिटफायर डाव्या हाताच्या, आपल्या हेरल्ड उजव्या हाताच्या. पिनियनची जागा उलट असते, तेव्हा बाहेरून रॅक मागवताना हे नीट कळवले नाही तर पैसे गेले. नवी नक्कल रॅक आली तरी पेटीतून काढताच फेरे मोजा, जुनीच्या शेजारी ठेवून लांबी ताडून पाहा, मगच बसवा.

रॅक मिळत नाही म्हणून चासी कापून दुसऱ्या गाडीची रॅक बसवण्याचा मोहही होतो. त्यात आता कायद्याची गोष्ट आली आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ५० वर्षांवरील गाडीला विंटेज नोंदणी मिळते, फी २०,००० रुपये. परंतु गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी वा इंजिनात फेरबदल केलेला चालत नाही. तुमच्या एका कापाने मालकाची नोंदणी अडू शकते. हे त्याला आधी सांगा, आणि शक्यतो लिहून घ्या.

बसवताना दोन गोष्टी. या गाडीच्या रॅकला ग्रीस लागते, तेही थोडे: बुच काढून निपल लावा आणि ग्रीसगनचे पाच दाबे द्या. जास्त भरले की बूट फुटतो. उलट पुढच्या चाकाखालच्या पितळी ट्रनियनला ग्रीस मुळीच नको, ९० नंबरचे गिअर ऑइलच हवे. आपल्याकडची पोरे निपल दिसले की ग्रीसगन लावतात. ट्रनियनमध्ये ग्रीस घट्ट बसते, आटे सुके पडतात, गंजतात, आणि एके दिवशी उभा दांडा तुटून चाक आडवे पडते. रॅकसाठी आलेल्या प्रत्येक गाडीचे ट्रनियन आम्ही सांगतो म्हणून तपासा. त्याचे वेगळे पैसे लावा, हक्काचे आहेत. नायलॉनचे नट जुने वापरू नका. कपलिंगमध्ये पिनियन पूर्ण आत गेले आहे ना ते बघून मगच बोल्ट आवळा. गाडी जमिनीवर आल्यावर अलाइनमेंट करा, त्याशिवाय चावी देऊ नका.

कुर्ल्याच्या एका उस्तादांकडे आम्ही हे काम सबंध पाहिले. जुनी रॅक, जुने बूट, झिजलेले जॉइंट त्यांनी कापडात बांधून मालकाच्या हातात दिले, मगच बिल लिहिले. मालक गाडी घेऊन निघाला आणि पाच मिनिटांत परत आला. हॉर्न वाजत नव्हता. उस्ताद हसले. रॅक रबरावर, कपलिंग रबराचा, अर्थिंग जाणार कुठून? जुन्या कपलिंगवरची लहान तारेची पट्टी शागीर्दाने कचऱ्यात टाकली होती. ती शोधून, घासून पुन्हा लावली. त्याचे पैसे घेतले नाहीत.