तेलाच्या दोन नळ्या

पंधरा वर्षांहून अधिक वयाच्या अवजड वाहनाच्या योग्यता-प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावयाचे तर १२,५०० रुपये शुल्क भरावे, असे केंद्र सरकारच्या २०२१ च्या ऑक्टोबरातील अधिसूचनेने ठरवले, आणि तेव्हापासून कोल्हापूरच्या रस्त्यांवरील जुन्या मालमोटारी विरळ होत चालल्याचे मी पाहत आलो आहे. गेल्या महिन्यात आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी आपली गाडी मोडीत दिली. तिचे इंजिन निरोगी होते, दस्तऐवज बिनचूक होते. पाझरत होत्या त्या फक्त इंजिन-तेलाच्या कूलरकडे जाणाऱ्या दोन नळ्या. त्यांच्या मापाच्या तयार नळ्या बाजारात मिळेनात आणि हाताने करून देणारा इसम गावात उरला नाही, एवढ्याच कारणास्तव एका धडधाकट यंत्राची विल्हेवाट लागली, याचे शल्य मला अद्याप बोचते आहे.

टेल्कोने १९५४ साली डायम्लर-बेन्झशी करार करून मालमोटारी बांधावयास आरंभ केला, पंधरा वर्षांनी तो करार संपला, हा इतिहास ग्रंथांतरी आहेच. सत्तरीच्या दशकाविषयीही मजपाशी सांगण्याजोगे फारसे नाही. मला सांगावयाचे आहे ते १९८५ नंतरच्या दहा वर्षांविषयी, जेव्हा गुळाच्या हंगामात आमच्या वडिलांच्या गाड्या गुजरातच्या वाटेवर असत आणि परतलेली प्रत्येक गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका मिस्त्रींच्या खड्ड्यावर उभी राही.

काही इंजिनांत कूलर इंजिनाच्या अंगालाच जडलेला असतो. आमच्या एका गाडीत तो पुढे, रेडिएटरनजीक होता, आणि तापलेले तेल एका नळीने तिकडे जाऊन निवल्यावर दुसरीने परत येई. नळीचा मधला भाग रबरी आणि दोन्ही टोके पोलादी, कारण इंजिन हादरते आणि चेसिस आपल्या जागी राहते, त्या दोहोंतील ओढाताण सोसावयास काहीतरी लवचिक हवे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते रबर ताठर होते, पोलादावर दाबून बसवलेल्या कडीपाशी सुटू लागते, आणि तेल प्रथम घामासारखे, मग थेंबाथेंबाने बाहेर येते. पूर्ण दाबाखालील ही नळी घाटात फुटली, तर काही क्षणांत तेलाचा काटा खाली बसतो, बेअरिंगे जळतात आणि क्रँक निकामी होतो.

मिस्त्री गळती दिसताच पाना उचलीत नसत. सारे इंजिन आधी डिझेलने धुऊन पुसून कोरडे करीत, मग ते चालू करून, ओल पहिल्याने कोठे उमटते ते बॅटरीच्या उजेडात निरखीत. कारण वाऱ्याने मागे उडालेले तेल नेहमी भलत्याच जागेवर आळ घेते. नट सोडवताना एक पाना नटाला आणि दुसरा युनियनला लावल्यावाचून ते जोर देत नसत, नाहीतर कूलरचे तोंडच पिळून तडकण्याची भीती. तांब्याचा जुना वायसर लालबुंद तापवून पाण्यात विझवला की तो पुनश्च मऊ होतो, हे मी त्यांच्याकडेच पाहिले. पोलादी नळी ते मापाने वाकवीत, युनियन शेजारच्या लेथवर करून घेत, आणि नव्या रबराला यत्किंचितही पीळ पडू देत नसत. मग ते विचारीत, ‘हिची पट्टी कुठाय?’ नळीला चेसिसशी धरून ठेवणारी ती क्षुद्र पट्टी आधीच्या कोणीतरी काढून फेकलेली असे, आणि बहुतेक गळतींचे मूळ तेथेच सापडे. पट्टीवाचून बसवलेली नवी नळीही हादऱ्यांनी लवकरच तडकणार, हे ते मालकाला बजावून सांगत. त्यानंतर इंजिन मंद चालवून, काटा स्थिर झालेला पाहून, बंद करून तेलाची पातळी ते पुन्हा मोजीत.

त्या काळात सारेच सज्जन होते असे नाही. पाण्याच्या होजपाइपाचा तुकडा तेलाच्या भावाने गळ्यात मारणारे दुकानदार मी पाहिले आहेत. तसेच, पट्टीचे चार पैसे वाचवून चालकाला घाटात धाडणारे मालकही पाहिले, आणि त्यांना मी आजही क्षमा करू शकत नाही. कारण जळालेल्या क्रँकचा दोष त्यांनी सदैव चालकाच्या माथी मारला आणि त्याचा पगार कापला.

पुढची वर्षे मी भराभर ओलांडतो. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, २०२० च्या एप्रिलात भारत स्टेज ६ आले, धूर घटला, आणि ते इष्टच झाले. दमेकऱ्याच्या घरात वाढलेला मी त्याविरुद्ध बोलणार नाही. परंतु धुराचे माप घेता येते, ब्रेकचे घेता येते, गळतीही डोळ्यांनी दिसते. असे असता सरकारने शुल्काचा भार गाडीच्या वयावर का टाकावा? तपासणीत नापास झालेल्या गाडीला खुशाल मोडीत काढा. पण जी उत्तीर्ण होते तिच्याकडून नव्या गाडीएवढेच शुल्क घ्या, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून नळी वाकवणे, तिचे तोंड फुलवणे, झाळणे हे हातचे काम पुन्हा कसोशीने शिकवा. उद्यमनगरात लेथ अजून फिरत आहेत, आणि त्या मिस्त्रींच्या हाताखाली तयार झालेले दोघेतिघे वृद्ध कारागीर आसपासच्या खेड्यांत आहेत. त्यांना मानधन देऊन या वर्षीच वर्गावर बोलावता येईल.