'कमी साखरेचा' भात शिजवणारा कुकर कितपत उपयोगी?

रायपूर – भात शिजवताना त्यातील 'साखर' काढून टाकणारा विजेवरचा कुकर गेल्या काही वर्षांत भारतीय बाजारपेठेत चांगलाच स्थिरावला आहे. मधुमेह असलेल्यांनी आणि वजन कमी करू इच्छिणाऱ्यांनी निश्चिंतपणे भात खावा, असे आश्वासन त्याच्या जाहिरातींतून दिले जाते. काही जाहिरातींत कर्बोदकांचे प्रमाण २० टक्क्यांनी, तर काहींत त्याहून कितीतरी अधिक घटत असल्याचा दावा आढळतो. साध्या कुकरच्या तुलनेत या उपकरणासाठी काही हजार रुपये अधिक मोजावे लागतात. साहजिकच, हा खर्च करावा की नाही, असा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो.

छत्तीसगडच्या राजधानीत या प्रश्नाला वेगळे वजन आहे. 'धान का कटोरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात तांदूळ हे मुख्य अन्न आहे. भात, फरा, चीला, चौसेला अशा नाना रूपांत तो ताटात येतो. भोसल्यांच्या राजवटीपासून या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरातही पोळीच्या बरोबरीने भाताला स्थान मिळाले आहे. अशा घरात कुणाला मधुमेहाचे निदान झाले, की पहिला आघात होतो तो भातावर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार, भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. 'भात सोडू नका, फक्त कुकर बदला' हे वाक्य इतक्या मोठ्या समुदायाला उद्देशून उच्चारले जाते.

यंत्र नेमके काय करते?

या कुकरची रचना फारशी गूढ नाही. आतील भांड्यात छिद्रे असलेली पोलादी जाळीदार टोपली असते. तांदूळ भरपूर पाण्यात उकळला जातो. उकळताना दाण्यातील काही पिष्ट पाण्यात उतरते. हे पाणी खालच्या भांड्यात वाहून जाते किंवा वेगळ्या कप्प्यात साठवले जाते आणि उरलेला तांदूळ वाफेवर शिजवून पूर्ण केला जातो.

मराठी वाचकांना यात ओळखीचे काही दिसले, तर त्यात नवल नाही. कोकणात याच कृतीला भात वेळणे म्हणतात आणि निथळलेल्या पाण्याला पेज. छत्तीसगडमध्ये त्याच पाण्याचे नाव पसिया. पातेल्यात तांदळाच्या पाच-सहा पट पाणी घालून भात उकळायचा, दाणा शिजत आला की झाकण लावून पाणी ओतून काढायचे आणि मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्यायची, ही रीत गॅस येण्यापूर्वीपासून चालत आलेली आहे. प्रेशर कुकर घरोघरी आल्यानंतर ती शहरांतून मागे पडली. नव्या उपकरणाने ती बटणावर आणली, इतकेच. फरक असलाच तर तो असा की, पूर्वी पसिया पिण्यासाठी, जनावरांना देण्यासाठी किंवा सुती कपड्यांना खळ करण्यासाठी वापरला जाई. कुकरमधले पाणी मात्र सहसा मोरीत जाते.

टक्केवारीचा हिशेब

दाव्यांचा कस लावायचा असेल, तर 'इतके टक्के कमी' हे शब्द ऐकल्यावर 'कशाच्या तुलनेत' असे विचारणे आवश्यक आहे. बहुतेक ठिकाणी ही तुलना शिजलेल्या १०० ग्रॅम भाताशी केलेली असते आणि घोळ तेथेच आहे.

एक ढोबळ उदाहरण घेऊ. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. नेहमीच्या पद्धतीने शिजवल्यास त्याचा साधारण २८० ग्रॅम भात होतो, म्हणजे १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके येतात. आता समजा, नव्या कुकरमध्ये पाच ग्रॅम पिष्ट पाण्याबरोबर निघून गेले आणि दाण्याने अधिक पाणी शोषल्यामुळे भात ३४० ग्रॅम झाला. उरलेली ७३ ग्रॅम कर्बोदके या ३४० ग्रॅममध्ये विभागली, तर १०० ग्रॅममागे साडेएकवीस ग्रॅम पडतात. खोक्यावर '२३ टक्के घट' असे छापता येते आणि ते खोटेही ठरत नाही. प्रत्यक्षात मात्र त्या वाटीभर तांदळातून ७८ पैकी केवळ पाच ग्रॅम, म्हणजे सहा-साडेसहा टक्केच कर्बोदके गेलेली असतात. उरलेली 'घट' ही भातात शिरलेल्या पाण्याची करामत असते. दुधात पाणी घातल्यास लिटरमागे स्निग्धांश कमी होतो, तसाच हा प्रकार आहे.

ही केवळ कागदावरची शंका नाही. जपानमध्ये असे कुकर आधीपासून लोकप्रिय आहेत. तेथील राष्ट्रीय ग्राहक व्यवहार केंद्राने २०२३ साली त्यांची तपासणी करून अहवाल प्रसिद्ध केला. समान वजनाच्या भातात कर्बोदके कमी आढळली, पण त्या भातात पाण्याचे प्रमाण वाढलेले होते आणि तेवढ्याच तांदळातून तयार झालेला भातही वजनाने अधिक होता. त्याच तांदळाच्या हिशेबाने पाहता, घट जाहिरातींतून वाटते तितकी नव्हती.

तरीही हे उपकरण निरुपयोगी आहे, असे सरसकट म्हणता येणार नाही. एखादी व्यक्ती रोज एक वाटीच भात मोजून घेत असेल आणि तेवढ्यावर खरोखर थांबत असेल, तर फुललेल्या, पाणीदार भाताच्या वाटीतून तिच्या पोटात कर्बोदके कमीच जातील. मात्र 'हा तर साखर काढलेला भात' म्हणून दुसरी वाटी घेतली, की सगळा लाभ संपतो. आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तूंची गोष्ट याच दुसऱ्या वाटीपाशी बिघडते.

निर्देशांक घटतो का?

काही विक्रेते 'ग्लायसेमिक निर्देशांक कमी होतो' असेही सांगतात. ही संकल्पना १९८१ साली टोरोंटो येथील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर ग्लुकोजच्या तुलनेत किती वाढते, याचे ते मोजमाप आहे. ५५ किंवा त्याखालील निर्देशांक कमी, तर ७० किंवा त्यावरील जास्त मानला जातो.

ही चाचणी माणसांवर होते आणि तीत पदार्थाचे वजन नव्हे, तर त्यातील पचणारी कर्बोदके समान, साधारणतः ५० ग्रॅम, ठेवली जातात. त्यामुळे भातात नुसते पाणी वाढल्याने निर्देशांक खाली येत नाही. उलट, दाणा फार मऊ शिजला तर त्यातील पिष्ट अधिक लवकर पचू शकते. निर्देशांकाविषयी दावा करणाऱ्या विक्रेत्याकडे माणसांवरील चाचणीचा अहवाल मागावा. प्रयोगशाळेत मोजलेला कर्बोदकांचा आकडा त्याची जागा घेऊ शकत नाही.

पाण्याबरोबर जाणारे इतर घटक

निथळणाऱ्या पाण्यात केवळ पिष्ट नसते. ब गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळणारी असल्याने त्यांचाही काही अंश निघून जातो. पॉलिश केलेल्या तांदळात ती आधीच कमी असतात. पोषणमूल्यवर्धित तांदळाच्या बाबतीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. २०२१ सालच्या स्वातंत्र्यदिनी घोषणा झाल्यानंतर २०२४ पर्यंत देशभरातील शिधावाटप व्यवस्थेत लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळलेला तांदूळ टप्प्याटप्प्याने पोहोचवण्यात आला. असा तांदूळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिल्यास, ज्यासाठी हा खटाटोप करण्यात आला, त्यातील काही भाग वाया जातो. पसिया पिऊन टाकणाऱ्या घरात हे नुकसान होत नव्हते. अर्थात, तेथे पाण्यात उतरलेले पिष्टही पोटातच जात होते.

वाण आणि वेळ

रक्तातील साखरेच्या दृष्टीने, कोणता तांदूळ निवडला हे तो कोणत्या भांड्यात शिजवला याहून बरेचदा अधिक महत्त्वाचे असते. पिष्टाचे दोन मुख्य प्रकार आहेत – अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज अधिक असलेला तांदूळ शिजल्यावर मोकळा राहतो आणि तुलनेने सावकाश पचतो. चिकट, मऊ भात होणाऱ्या वाणांत अमायलोपेक्टिनचे प्राबल्य असते.

या बाबतीत रायपूरकडे मोठा ठेवा आहे. धानशास्त्रज्ञ डॉ. राधेलाल रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूर येथे काम करताना गावोगावहून हजारो देशी वाणे गोळा केली. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आज २३ हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. याच विद्यापीठाने 'चपाटी गुरमटिया' या स्थानिक वाणापासून 'छत्तीसगड मधुराज-५५' हे कमी निर्देशांकाचे वाण विकसित केले. हैदराबादच्या संशोधन संस्थांनी विकसित केलेले सुधारित सांबा मसुरी हेही त्याच वर्गातील आहे. एवढे कशाला, छत्तीसगडमध्ये 'उसना' आणि कोकणात 'उकडा' म्हणून ओळखला जाणारा तांदूळ साध्या 'अरवा' तांदळापेक्षा बऱ्याचदा सावकाश पचतो. भरडण्यापूर्वी धान उकडल्यामुळे कोंड्याकडील काही जीवनसत्त्वेही दाण्यात मुरतात.

दुसरा मार्ग भात थंड करण्याचा आहे. शिजलेले पिष्ट थंड झाल्यावर त्याचा काही भाग पुन्हा घट्ट रचना धारण करतो आणि लहान आतड्यात पचत नाही. इंडोनेशियातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ताज्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये असे पिष्ट ०.६४ ग्रॅम होते. चोवीस तास शीतकपाटात ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात ते १.६५ ग्रॅम आढळले. तो भात खाल्लेल्या १५ निरोगी व्यक्तींच्या रक्तातील साखरही तुलनेने कमी वाढली. आकडा लहान आहे आणि सहभागी मधुमेही नव्हते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

हे वाचून छत्तीसगडच्या वाचकाला बोरे-बासीची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्याच दिवशीचा भात पाण्यात बुडवून खाल्ला तर बोरे आणि रात्रभर भिजवला तर बासी. कांदा, चटणी आणि भाजीसह खाल्ले जाणारे हे श्रमिकांचे अन्न. १ मे २०२२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी कामगार दिनी सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा अधिकाऱ्यांच्या ताटातही ती आली. मात्र तिला मधुमेहावरील औषध ठरवण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. शिवाय शिजलेला भात उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिल्यास बॅसिलस सीरियस नावाचे जिवाणू वाढून विषबाधा होऊ शकते. हे जिवाणू जे विष सोडतात, ते भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात उरवायचा असेल, तर तो लवकर निववून शीतकपाटात ठेवणे सुरक्षित होय.

कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

ज्यांना भात वेळता येतो आणि पातेले उचलण्याइतकी मनगटात ताकद आहे, त्यांनी केवळ साखरेच्या धास्तीने हा खर्च करण्याचे कारण दिसत नाही. गरम पाण्याने भरलेले भांडे ओतणे ज्यांना धोक्याचे वाटते असे वृद्ध किंवा एकटे राहणारे लोक मात्र सोय म्हणून त्याचा विचार करू शकतात. तसे असल्यास किंमतही सोयीचीच मोजावी, उपचाराची नव्हे. जाळीची टोपली स्वच्छ करणे सोपे आहे का आणि घरातील माणसांना पुरेल इतका तांदूळ त्यात मावतो का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. पाणी निथळण्यासाठी जागा राखलेली असल्याने या कुकरची क्षमता बाहेरून दिसते त्यापेक्षा कमी असते.

आधीच कुकर घेतला असेल, तर घरातील ग्लुकोमीटर हा त्याचा उत्तम परीक्षक आहे. दोन वेगवेगळ्या दिवशी तितकेच कच्चे तांदूळ, तेच वरण, तीच भाजी, जेवणाची वेळही तीच ठेवावी. एके दिवशी भात साध्या पद्धतीने आणि दुसऱ्या दिवशी नव्या कुकरमध्ये शिजवून जेवणापूर्वीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर नोंदवावी. एका तुलनेवर विसंबू नये, तीन-चार वेळा करावी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खोक्यावरील टक्केवारी पाहून औषधाची मात्रा स्वतःहून कमी करू नये. घट कागदावरचीच निघाली, तर साखर वाढेल. उलट, औषध तेच ठेवून भात एकदम कमी केला, तर ती धोकादायकरीत्या उतरूही शकते. दोन्ही प्रसंगी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याची शिफारस आहे. भाताची वाटी लहान आणि डाळ-भाजीची मोठी, असा त्याचा ताटातील अर्थ होतो. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

कुकरवरील मानक चिन्ह विद्युत सुरक्षिततेची हमी देते. पोषणविषयक दाव्यांशी त्याचा संबंध नाही, ही बाब ग्राहकांच्या लक्षात येतेच असे नाही. दाव्यांची जबाबदारी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. तक्रार नोंदवण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना पावतीसोबत खोक्यावरील दाव्याचे छायाचित्रही जोडावे.