घास कुठे अडला?

मांजराच्या गळ्यात घंटा बांधणं कठीण, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच गळ्यातून औषधाची गोळी खाली उतरवणं किती कठीण, हे मांजर पाळणाऱ्याला विचारा! गोळी तोंडाआड झाली की आपण सुटलो असं वाटतं. पण ती पोटात पोचली का?

तोंडातला घास जठरात नेते ती अन्ननलिका. कोरडी गोळी पुष्कळदा या नळीतच चिकटून बसते. डॉक्सिसायक्लीनसारखं औषध तिथे विरघळलं, तर आतलं नाजूक अस्तर भाजतं. जखम भरताना आक्रसते आणि नळी अरुंद होते. भूल दिलेली असताना जठरातलं आम्ल वर आलं, तरी असंच घडू शकतं. मग काही दिवसांनी मांजर खाल्लेलं बाहेर टाकू लागतं. आपण म्हणतो, ‘ओकतंय!’

इथेच नीट पाहायला हवं. ओकताना मांजराचं पोट जोरजोरात आत-बाहेर होतं, कधी पिवळं पित्त पडतं. अन्ननलिकेत अडलेला घास मात्र सहज परत येतो. मान खाली जाते आणि न पचलेलं अन्न पडतं. डॉक्टरांना हा फरक सांगा. मोबाइलवर टिपून दाखवलात तर उत्तमच. कारण त्यावरूनच ठरतं की तपास पोटाचा करायचा की नळीचा. मग क्ष-किरण चित्र, गरजेप्रमाणे बेरियम पाजून पुन्हा चित्र, किंवा भूल देऊन दुर्बिणीने आतली पाहणी.

अरुंद झालेली नळी आत फुगा फुगवून रुंद करतात. एकदा करून बहुधा भागत नाही. सोबत आम्ल कमी करणारी आणि जखमेवर लेप धरणारी औषधं, आणि मऊ अन्न थोडं थोडं. काहींना थेट जठरात नळी घालून भरवावं लागतं. दिरंगाई मात्र नको. परत आलेला घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, आणि काही दिवसांच्या उपासाने मांजराचं यकृतही बिघडतं.

एवढं सगळं टाळायला काय लागतं? गोळीनंतर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने, हळूहळू, ५-६ मिलिलिटर पाणी. किंवा डॉक्टरांची हरकत नसेल तर चमचाभर पातळ खाणं. मुकं जनावर ‘घशात अडलंय’ असं सांगत नाही. ते आपणच ओळखायचं.