‘अनॉन’ : एका शब्दाची घसरण

जुन्या इंग्रजी कविता वाचताना ‘अनॉन’ हे क्रियाविशेषण वारंवार भेटते. कोशात पाहावे तर ‘लवकरच’, ‘थोड्या वेळाने’ असा अर्थ दिलेला असतो. (कवितेखाली कवीच्या नावाच्या जागी छापतात तो ‘अनॉन’ निराळा, ते ‘निनावी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे संक्षिप्त रूप होय.) परंतु या शब्दाचा मूळ अर्थ याहून अगदी वेगळा होता.

प्राचीन इंग्रजीत ‘ऑन’ म्हणजे ‘मध्ये’ आणि ‘आन’ म्हणजे ‘एक’. दोहोंच्या संयोगाने ‘एकात’, अर्थात मध्ये खंड न पडता, तत्क्षणी, असा अर्थ सिद्ध झाला. आपल्या ‘एकदम’ शब्दाची घडणही अशीच आहे. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. एका श्वासात घडते ते एकदम.

१६११ साली प्रसिद्ध झालेल्या, जेम्स राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी बायबलात हा जुना अर्थ टिकून आहे. संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात शिमोनाची सासू तापाने पडलेली असते आणि तिच्याविषयी प्रभू येशूला ‘अनॉन’ सांगितले जाते. येथे ‘थोड्या वेळाने’ असा अर्थ घेतला, तर त्या घरच्या माणसांची तळमळच नाहीशी होते! १८८१ च्या सुधारित आवृत्तीत म्हणूनच येथे ‘तात्काळ’ या अर्थाचा दुसरा शब्द घातला गेला.

मग अर्थ पालटला कसा? कोणा पंडिताने तो पालटला नाही. माणसाच्या दिरंगाईने पालटला. १५९८ साली छापलेल्या शेक्सपीअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात मद्यगृहातील एक पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला मुद्दाम बोलण्यात गुंतवतो आणि राजपुत्राचा सोबती पलीकडून हाका मारतो. पोऱ्या प्रत्येक हाकेला ‘अनॉन, अनॉन’ असे उत्तर देतो, पण जागचा हालत नाही. ‘सून’ आणि ‘बाय अँड बाय’ या शब्दांचीही हीच गत झाली. दोहोंचा अर्थ पूर्वी ‘ताबडतोब’ असाच होता. योहान बाप्तिस्ताचे शिर हेरोदाकडे मागणाऱ्या मुलीच्या तोंडी त्याच जुन्या बायबलात ‘बाय अँड बाय’ हेच शब्द आहेत; तिला विलंब मुळीच नको होता.

आपल्या घरांतही ‘आत्ता आलो’ म्हणणारा कितपत लवकर येतो, हे सुज्ञ वाचक जाणतातच. बोलल्याप्रमाणे आपण वागलो नाही, तर शब्दांचे मोल असेच हळूहळू उतरत जाते. ‘अनॉन’ आता कवितेपुरता उरला. आपल्या ‘आत्ता’चा अर्थ शाबूत ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.