इंग्रजी व्याकरण कुणाची मक्तेदारी नाही

आपल्या वस्तीतला पदवीधर पोरगा मुलाखतीला जातो. विषयाचे ज्ञान असते, कागदपत्रे पूर्ण असतात. समोरचा साहेब इंग्रजीत एवढेच म्हणतो, 'स्वतःबद्दल सांगा.' आणि पोराची बोलती बंद होते. 'इज' लावू की 'आर', 'डू' म्हणू की 'डझ', या भीतीने डोक्यातले वाक्य ओठावर येत नाही. घरी येऊन तो खाली मान घालून सांगतो, 'माझे ग्रामर कच्चे आहे.' हे वाक्य आम्ही इतक्या मुलामुलींच्या तोंडून ऐकले आहे की ही आता एकट्यादुकट्याची अडचण राहिलेली नाही. ती समाजाची अडचण आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीपासून असे. इतकी वर्षे शिकूनही पाच वाक्ये धड बोलता येत नसतील, तर दोष पोरांच्या बुद्धीचा नाही. त्यांच्याकडून काळांची नावे पाठ करून घेतली. स्वतःचे वाक्य मात्र कधी करू दिले नाही.

व्याकरण म्हणजे काहीतरी अगम्य, ते उच्चवर्णीयांच्या पोरांनाच जमते, हा गैरसमज आधी काढून टाका. शाळेचे तोंड न पाहिलेली आपली आजी म्हणते, 'त्याने भात खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं.' खाणारा एकच, पण खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे क्रियापद तीनदा बदलले. आजी यात कधी चुकत नाही. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच शब्द, 'एट'. आपण तो गेला, ती गेली, ते गेले म्हणतो. इंग्रजी सगळ्यांना 'वेंट' म्हणते. मराठीचे एवढे अवघड व्याकरण ज्या समाजाने पुस्तकाशिवाय पेलले, त्याला इंग्रजीचे व्याकरण जड का जावे?

मग पोरे अडतात कुठे? आमच्या मते चारच जागी.

पहिली जागा वाक्याच्या रचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. 'मी भात खातो' हे इंग्रजीत 'मी खातो भात' या क्रमाने जाते : 'आय ईट राइस.' शिवाय मराठीत कर्ता गाळला तरी चालतो. 'उद्या येतो' म्हटले की समजते. इंग्रजीला कर्ता लागतोच. 'पाऊस पडतोय' म्हणतानासुद्धा ती 'इट' नावाचा नामधारी कर्ता उभा करते : 'इट इज रेनिंग.'

दुसरी जागा 'आहे'ची. 'आय'बरोबर 'ॲम', 'ही', 'शी', 'इट'बरोबर 'इज', 'यू', 'वुई', 'दे'बरोबर 'आर'. एवढाच पसारा. 'आय ॲम अ स्टुडंट', 'शी इज अ नर्स', 'वुई आर रेडी'. पण 'मी जातो' म्हणताना अनेक जण 'आय ॲम गो' म्हणतात. येथे 'ॲम' नको. रोजचे जाणे असेल तर 'आय गो', आत्ता जात असाल तर 'आय ॲम गोइंग'. आणि 'मला दोन भाऊ आहेत' यातल्या 'मला'चे शब्दशः भाषांतर करू नका. इंग्रजी येथे 'हॅव' वापरते : 'आय हॅव टू ब्रदर्स.'

तिसरी जागा प्रश्नाची, आणि सर्वांत जास्त पोरे घसरतात ती येथेच. मराठीत वाक्याच्या शेवटी 'का' जोडला की प्रश्न होतो. 'ती काम करते का?' इंग्रजीत हे काम 'डू' करतो, पण तो पुढे येऊन बसतो. 'शी वर्क्स' याचा प्रश्न 'डझ शी वर्क?' 'वर्क्स'मधला 'एस' कुठे गेला? तो 'डझ'मध्ये गेला, म्हणून 'वर्क' मोकळा झाला. भूतकाळातही हेच. भूतकाळाचे ओझे 'डिड'ने उचलले की क्रियापद मूळ रूपात येते. म्हणून 'डिड यू वेंट' नव्हे, 'डिड यू गो?' एक ओझे दोघांनी उचलायचे नाही, एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्या चुका जातील.

चौथी जागा 'अ', 'ॲन' आणि 'द' यांची. मराठीत यांना जोड नाही, म्हणून ते सुटतात. कोणतेही एक असेल तर 'अ', पुढच्या शब्दाचा उच्चार स्वराने सुरू होत असेल तर 'ॲन', आणि ऐकणाऱ्याला माहीत असलेले ठरावीक असेल तर 'द'. याला अपवाद आहेत, पण ते वाचनाने कळत जातात. त्यांच्यासाठी बोलणे थांबवू नका.

आणखी एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. गावगाड्यात आपल्या पांढऱ्या केसांच्या आजोबांना पाटलाचे शेंबडे पोर 'अरे-तुरे' करी, आणि आजोबांनी त्याला 'जी' म्हणायचे. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण यांना एकच शब्द, 'यू'. कलेक्टरलाही तोच, झाडूवालीलाही तोच. 'यू' आला म्हणून विषमता जात नाही, ती इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही आहे. पण मान खाली घालायला लावणारे सर्वनाम या भाषेत आज नाही, हेही थोडे नव्हे.

सावित्रीमाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो उगीच नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे इंग्रजीवर त्यांनी असे प्रभुत्व मिळवले की १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे गाऱ्हाणे जगापुढे मांडले. पण त्याच बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत. जगाशी बोलायला इंग्रजी, आपल्या माणसांशी बोलायला मराठी. एकीसाठी दुसरी सोडायची नसते.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. प्रत्येक विहारात वंदनेनंतर एक तास इंग्रजीचा ठेवा. प्रत्येकाने स्वतःच्या जगण्यातली पाच वाक्ये फळ्यावर लिहायची आणि मोठ्याने म्हणायची. नियम एकच : चुकणाऱ्याला हसायचे नाही. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यात फळा, खडू, वह्या आणि शब्दकोश सहज येतील. शिकवायचे कुणी? आरक्षणाच्या बळावर नोकरीला लागलेल्या आपल्याच बंधुभगिनींनी. शिकलेल्या वर्गाबद्दल बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात व्यक्त केलेली खंत आठवा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी विहाराला द्या.

पुढच्या १४ एप्रिलला आपल्या वस्तीतली एक मुलगी व्यासपीठावर उभी राहून न अडखळता स्वतःबद्दल इंग्रजीत पाच वाक्ये बोलू द्या. सहावे वाक्य ती मुलाखतीत बोलेल.

जयभीम!